सात नंबरच्या बाटल्या

उत्तरा स्टुलावर चढून माळ्यावरच्या बाटल्या एकेक करून जुन्या लुगड्यात गुंडाळत होती. दोन बाटल्यांमध्ये कापड गेलंच पाहिजे, नाहीतर आवाज होतो. पंचवीस झाल्या होत्या आणि ट्रंकेमागच्या उरलेल्यांपर्यंत तिचा हात पोचत नव्हता.

चार वाजता मृणालिनीबाई येणार होत्या. मुलुंडच्या त्या कॉलनीत दर तीन महिन्यांनी एका शनिवारी घराघरातली रद्दी, डबे, बाटल्या, मोडका पत्रा खाली अंगणात जमा होई. भंगारवाला ते उचलून नेई आणि त्यातून अंगणाच्या कडेला असलेल्या बालवाडीचा खर्च आणि तिथली शिक्षिका सुलक्षणा हिचा पगार निघे. योजना मृणालिनीबाईंची, आणि शिस्तही त्यांचीच. प्रत्येक घराचं सामान चौघांसमोर उघडायचं, मोठ्याने पुकारायचं, वहीत लिहायचं. "तीन नंबर, डालडाचे डबे दोन. नऊ नंबर, रद्दी आणि बिघडलेला स्टोव्ह." त्यामुळे कुणाला कुणाचा संशय येत नसे हे खरं. पण कुणाच्या घरात काय किती संपतं हे साऱ्या कॉलनीला पाठ झालं होतं, हेही तितकंच खरं.

आजवर माळे सुटले होते. या खेपेला बालवाडीवर नवे पत्रे घालायचे होते, म्हणून माळे रिकामे करायचे ठरलं. लोक हयगय करतात, तेव्हा मृणालिनीबाई स्वतः घरोघर वर डोकावून जाणार होत्या.

बाटल्या तिच्या नवऱ्याच्या, विद्याधरच्या. त्याने पिणं सोडलं त्याला दहा महिने झाले होते. दारूबंदीचे दिवस, जवळ परवाना नाही. बाटली ऑफिसच्या पिशवीत डब्याखाली लपून घरात यायची आणि रिकामी झाली की तिला बाहेर पडायला वाटच नसायची. कचऱ्यात टाकावी तर झाडूवाला पाहणार, विकावी तर भंगारवाला. एकदा उत्तरा पिशवी घेऊन मिठागरांपर्यंत गेली होती. तिथल्या बायकांनी "बाई, काय हरवलं का?" असं इतक्या आपुलकीने विचारलं, की ती पिशवीसकट परत आली. शिवाय चांगली जाड काच, घट्ट बूच. तिच्याने फेकवत नसे. म्हणून तिने प्रत्येक बाटली सोडा घालून धुतली, पुसली आणि माळ्यावर रचली. चोराने चोरीचा माल घासून लख्ख ठेवावा, तशातला प्रकार.

"अगं, काय करतेस वर?"

शनिवारचा अर्धा दिवस भरून विद्याधर दारात उभा होता. लपवायला वेळच नव्हता. त्याने पुढे येऊन तिच्या हातातली बाटली घेतली, उलटीसुलटी करून पाहिली.

"या सगळ्या ठेवल्यास तू?"

"कुठे टाकणार होते?"

"आणि धुतल्यास?"

"वास यायचा."

तो पलंगाच्या कडेवर बसला. उत्तरा स्टुलावरून उतरली नाही. लोक काय म्हणतील याची तिला फारशी पर्वा नव्हती. बोलतात आणि विसरतात. तिला भीती त्याची होती. दहा महिन्यांत तो हळूहळू मान वर करून चालायला लागला होता, जिन्यात भेटेल त्याच्याशी चार शब्द बोलायला लागला होता. चारचौघांत हे पुकारलं गेलं, तर हा माणूस पुन्हा बाटलीकडे जाईल. तेवढं एक व्हायला नको होतं.

"मी पलंगाखाली सरकवते," ती म्हणाली. "त्या माळा बघतील, पलंगाखाली थोड्याच वाकतील?"

"आणि पुढच्या खेपेला?"

विद्याधर उठला, स्वयंपाकघरातून तांदळाचं रिकामं पोतं घेऊन आला.

"दे इकडे. मीच नेतो खाली."

"अहो, वेड लागलंय का? त्या पुकारतात! वाट लागेल आपली."

"माहीत आहे. ते लुगडं काढून घे. चांगलं आहे अजून."

लुगडं निघालं, त्यामुळे जिनाभर पोतं वाजत गेलं.

अंगणात पंधरावीस माणसं होती. सुलक्षणा वही घेऊन कट्ट्यावर बसली होती. खुर्चीत, हातात काठी धरून, अकरा नंबरचे शरच्चंद्र अप्पा होते. निवृत्त मुख्याध्यापक, दर गणेशोत्सवात निर्व्यसनी जीवनावर तासभर बोलणारे. मृणालिनीबाईंनी पोत्याचं तोंड सोडलं आणि एक बाटली अर्धवट वर काढली. चपटी, आखूड मानेची. ती कसली, हे तिथे कुणाला सांगायची गरज नव्हती. विद्याधर हात खाली सोडून उभा होता. कानशिलं लाल झाली होती, पण त्याने मान खाली घातली नाही. उत्तराने जिन्याचा कठडा घट्ट धरला.

मृणालिनीबाईंनी बाटली परत आत ठेवली, हाताने चाचपत मोजणी केली.

"सात नंबर. काचेच्या बाटल्या, एकतीस."

"कसल्या म्हणून लिहू?" सुलक्षणाने विचारलं. वहीत तसा रकानाच होता.

"रिकाम्या," मृणालिनीबाई म्हणाल्या. "आणि बुचं आहेत असं लिही, भाव बरा येईल. हं, आठ नंबर!"

आठ नंबरची रद्दी पुढे आली. उत्तरा पायरीवरच बसली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, दोन्ही एकदम. विद्याधर कट्ट्याला टेकून घाम पुसत होता. शेजारच्या कुणीतरी त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि लगेच क्रिकेटचं बोलणं काढलं.

"अकरा नंबर!"

अप्पांनी पायाशी ठेवलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा पाहिला.

"जरा थांबा," ते म्हणाले आणि काठी टेकत जिना चढून गेले.

बराच वेळ झाला. मग दुसऱ्या मजल्यावर दार वाजलं आणि अप्पा एक पोतं पायरी पायरी ओढत येताना दिसले. प्रत्येक पायरीला ते खणखणत होतं. अंगणात जो तो आपापल्या डब्याकडे बघायला लागला.

विद्याधरने तांब्या खाली ठेवला, दोन दोन पायऱ्या चढून वर गेला आणि पोत्याला हात घातला.

"सावकाश, अप्पा," तो म्हणाला. "तुम्ही कठडा धरा. हे माझ्याकडे द्या."