कोपऱ्यातली कुंडी

चष्मेवालीने कुंडी वर्तमानपत्रावर उलटी केली, बुडावर दोन थापा मारल्या आणि मेलेल्या रोपासकट सगळी माती एका ढेकळात बाहेर आली. काळीकुट्ट, चिकट, आणि वास जळक्या साखरेचा. तिने नाक मुरडलं. सोफा आणि गॅलरीचं दार यांच्यामधल्या या कोपऱ्यात लग्नानंतर तिने लावलेलं एक रोप तगलं असेल तर शपथ! खत घालून झालं, पाणी कमीजास्त करून झालं; कुंडी आणि माती तेवढी ती या घरात येण्याआधीची. शेवटी रोपवाटिकेतली बाई वैतागली होती. "अहो, माती बदला. खोट मातीतच आहे."

"आजच हवा होता का हा उद्योग?" नवऱ्याने विचारलं. तो संत्र्यांची सालं पातळ सोलत होता. दातांचा डॉक्टर, त्यामुळे हात असा हलका की सालाला पांढरं म्हणून चिकटायचं नाही.

"आजच," ती म्हणाली आणि नव्या मातीत नेच्याचं रोप दाबून बसवलं.

आजचा दिवसच तसा होता. या घरात तिला परकं वाटायचं आणि ते तिने एकदा नव्हे, पन्नासदा बोलून दाखवलं होतं. घर त्याच्या पहिल्या बायकोने सजवलेलं. ती आर्किटेक्ट; भिंतीचा रंग तिचा, दिवे तिचे, स्वयंपाकघरातलं कुठलं कपाट कुठल्या बाजूला उघडतं तेही तिनेच ठरवलेलं. घटस्फोट होऊन ती निघून गेली, पण घर काही तिने सोडलं नव्हतं. शेवटी नवरा म्हणाला होता, "एक संध्याकाळ झोकात पार्टी दे. माझी सगळी मंडळी बोलाव. त्यानंतरही घर आपलं वाटलं नाही, तर दुसरं बघू. शब्द देतो."

म्हणून हा थाट. उंच दांड्याचे ग्लास लखलखीत पुसलेले, काड्यांना टोचलेलं चीज आणि ऑलिव्ह, मेणबत्त्या, आणि पलंगावर पसरलेला काळा रेशमी पोशाख. या पार्टीत आपण यजमानीण शोभलो तर राहायचं, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळायचा, एवढा साधा हिशेब तिने मनाशी केला होता.

पहिली घंटा वाजली ती नणंदेची. ताई आत आल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "ये गं, लाजतेस काय? तुझंच घर आहे."

आणि मागून पहिली बायको आत आली.

 ताईंनी चष्मेवालीकडे पाहिलं, आणि ओठ असे मुडपले की हसल्या की काय ते कळू नये. "येताना हिलाही घेऊन आले. म्हटलं, परकी थोडीच आहे? तुला चालेल ना, चष्मेवाली?"

हे नाव त्यांनीच ठेवलेलं. ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची, म्हणून. सगळ्यांत आधी त्या लाडाने म्हणाल्या, असं नवऱ्याचं मत होतं. त्याला बहिणीचं सगळं लाडाचंच वाटायचं.

"या ना," चष्मेवाली म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पहिलीने पर्स ठेवली, घरभर एक नजर फिरवली आणि काही न बोलता सोफ्यामागचा दिवा बंद करून कपाटावरचा लावला. खोली एकदम देखणी दिसायला लागली. हेच तर दुखणं होतं! चष्मेवालीने दुपारभर त्या दिव्यांशी झटापट केली होती.

मंडळी जमली. हाडांचे डॉक्टर आले, ते दारातूनच हसत. "बर्फ कुठे गं?" त्यांनी विचारलं, ते पहिलीला. तिनेही खुशाल सांगितलं. कुणीतरी तिलाच हात पुसायला कागद मागितले. चष्मेवाली तबक घेऊन फिरत होती आणि लोक मान वर न करता काड्या उचलत होते. हॉटेलातल्या माणसालाही यापेक्षा जास्त ओळख देतात.

"कोपऱ्यात हे काय नवीन?" ताईंनी नेच्याकडे बोट केलं. "आता हे कधी जाणार? हिच्या वेळी काय हौस होती या कोपऱ्याची! दर महिन्याला नवं रोप. कधी हे, कधी ते. हाताला गुण असावा लागतो बाई, तो सगळ्यांना नसतो."

पहिली ग्लासातल्या बर्फाकडे बघत राहिली.

एवढ्यात नवऱ्याने टाळी वाजवली. म्हणजे त्याच्या खास पेयाची वेळ झाली. त्याच्या या पेयाचं त्याला भारी कौतुक. व्हिस्की, जाळून काळी केलेली साखर, कुठल्याशा मुळांचा कडू अर्क, वर संत्र्याचं साल. मोजून, हलवून, गाळून तो ग्लास हातात द्यायचा आणि समोर उभा राहून तुमच्या तोंडाकडे बघायचा. लग्नाआधी पहिल्यांदा त्याने तिला दिलं, तेव्हाही असाच उभा होता. तिच्या घशाखाली उतरेना. पण त्याचे ते डोळे पाहून ती "छान आहे" म्हणून गेली आणि जन्माची अडकली. तेव्हापासून ती दर वेळी एक घोट ओठांना लावायची, स्वयंपाकघरात जायची, नळ सोडायची आणि उरलेलं मोरीत. आजही तेच केलं. नवऱ्याला तिने ताकास तूर लागू दिली नव्हती.

रिकामा ग्लास घेऊन ती परत आली. मंडळी हाडांच्या डॉक्टरांच्या कुठल्याशा किश्श्यावर खिदळत होती. कोपऱ्यात पहिली एकटीच उभी होती, गॅलरीतून बाहेर बघत. तिचा हात खाली होता. ग्लास तिरपा. नेच्याच्या बुंध्याशी काळसर धार अगदी बेतानं उतरत होती. एक थेंब पानावर नाही, जमिनीवर नाही.

चष्मेवालीच्या नाकात दुपारचा तो जळक्या साखरेचा वास भरला.

"तुम्ही होतात तर," ती हळूच म्हणाली.

पहिली दचकली नाही. ग्लास सरळ केला. "सवय," ती म्हणाली.

"इतकी वर्षं?"

"पहिल्याच दिवशी छान म्हणून बसले. मग काय करणार?" तिने चष्मेवालीच्या रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं. "तू कुठे ओततेस? मोरीत?"

चष्मेवालीचे कान तापले.

"नळ सोडून, असेल," पहिली म्हणाली. क्षणभर दोघींनाही हसू आलं असतं. पण पहिलीनेच ते येऊ दिलं नाही. "त्याला सांगायला जाऊ नकोस. मी कधीच सांगितलं नाही, म्हणून तर अजून माझं कौतुक होतं. जमतं तसं चालव. रोपं मात्र महिन्याला बदलत जा, म्हणजे कळत नाही."

सल्ला देत होती! या घरातल्या दिव्यांसारखं हेही ती लावून देत होती, आणि पुढची वीस वर्षं चष्मेवालीने तसंच चालवायचं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अरे वा! दोघींचेही ग्लास रिकामे!" नवरा शेकर घेऊन आला तो असा खुशीत की सगळ्यांनी माना वळवल्या. "बघा रे, माझ्या हाताची खरी कदर आहे ती या दोघींनाच. बाकी तुम्ही सगळे नुसते चाखणारे." त्याने चष्मेवालीचा ग्लास काठोकाठ भरला आणि समोर उभा राहून तिच्या तोंडाकडे बघायला लागला.

"मला नको," ती म्हणाली.

"अगं, घे की."

"मला हे आवडत नाही. कधीच आवडलं नाही. कडू लागतं."

खोलीत कुणी काडीसुद्धा उचलली नाही. नवऱ्याचा चेहरा उतरला, इतका की तिला स्वतःच्या जिभेचा राग आला. पण बोललेलं मागे घ्यायची तिची इच्छा नव्हती.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू बघत उभा राहायचास."

"घ्या!" ताई म्हणाल्या. "चार माणसांत नवऱ्याचं हसं करायचं, हीच काय ती यजमानकी. मी म्हणत नव्हते?"

तेव्हा पहिली पुढे झाली. गोड आवाजात म्हणाली, "मला दे. मला तर फार आवडायचं. अजून आवडतं." तिने आपला ग्लास भरून घेतला आणि चष्मेवालीच्या हातातलाही काढून घेतला. "हिचाही मीच घेते. वाया कशाला घालवायचं?"

नवऱ्याच्या तोंडावर रंग परत आला. ताईंनी सगळ्यांकडे अशी नजर फिरवली, जसं काही त्याच जिंकल्या. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "हिला म्हणतात दर्दी!" पहिली दोन्ही हातांत ग्लास धरून हळूहळू मागे सरकली. कोपऱ्याकडे.

चष्मेवाली तिच्या आधी पोचली. पोशाखाची पर्वा न करता ती वाकली, कुंडीला दोन्ही हातांनी कव घातली आणि उचलली. जड होती, नवी ओली माती. रेशमावर चिखल लागला. तिने खांद्याने गॅलरीचं दार ढकललं, कुंडी बाहेर कठड्याशी ठेवली, आत येऊन दार लावलं आणि कडी घातली.

"हे आणि काय?" नवऱ्याने विचारलं.

"या रोपाला मोकळी हवा लागते," ती हात झटकत म्हणाली. "आणि हो, घर बदलायला नको. हा कोपरा तेवढा रिकामा राहू दे."

जमिनीवर कुंडीच्या बुडाचा गोल डाग राहिला होता. पहिली त्या डागापाशी उभी होती, हातांत दोन भरलेले ग्लास. टेबल दूर होतं, आणि सगळी खोली तिच्याकडे बघत होती.

"घ्या ना," चष्मेवाली म्हणाली. "बर्फ विरघळला की चव जाते, असं हा म्हणतो."

पहिलीने तिच्याकडे पाहिलं. मग एक ग्लास तोंडाला लावला आणि पहिल्यांदाच मोठा घोट घेतला. गिळताना तिचा डावा डोळा गच्च मिटला, मानेची शीर ताठ झाली, आणि ओठांवर हसू आणायला तिला उशीर झाला.

नवरा समोरच उभा होता, नेहमीसारखा तिच्या तोंडाकडे बघत. त्याने ते सगळं पाहिलं. मग हातातला शेकर त्याने टेबलावर ठेवला आणि त्यावर झाकण घातलं.