माझं तेल इंजिन चालू असताना बघा

मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे. साधासुधा नव्हे हं, ऑटोमॅटिक. साध्या गाडीत डाव्या पायाने क्लच दाबायचा आणि हाताने गिअर बदलायचे. माझ्या गाडीत ते सगळं मी परस्पर उरकतो. कारखान्यात माझ्या पोटात चकत्या, झडपा आणि बारीक नळ्या अशा काही ठासून बसवल्या, की मलाही त्यांचा हिशेब लागत नाही. त्या सगळ्यांचा जीव एका लालभडक तेलात. तेल आहे तर मी आहे.

माझी मालकीण घरोघरी जाऊन गाणं शिकवते. लहानपणापासून तिच्या डाव्या पायात बळ नाही. त्यामुळे तिचा मोठा भाऊ, आमचा दादा, तिला आपल्या गाडीतून नेत-आणत असे. मी आलो आणि ती स्वतः चालवू लागली. पहिल्याच दिवशी दादाला म्हणाली, "बघ, पोटातलं पाणी हलत नाही." मी असा काही फुगलो म्हणून सांगू!

दादा माणूस मायेचा, पण त्याला स्वतः खटपट करायची भारी हौस. दर रविवारी गाडी सुरू करायच्या आधीच बोनेट उघडायचा, इंजिनाचं तेल बघायचा आणि त्याच झपाट्यात माझीही तेल मोजायची पट्टी ओढायचा. "काठोकाठ आहे," म्हणायचा. अहो, इंजिन बंद असलं की माझं वर चढलेलं तेल खाली उतरतं. मग पट्टी भरलेलीच दिसणार! इकडे माझ्या एका नळीच्या जोडातून तेल ठिबकत होतं आणि थेंब अंगणातल्या वाळूत जिरत होते. सांगणार कसं? मला तोंड आहे कुठे?

मग जमेल तसं सांगू लागलो. लिव्हर पुढे घेतला तरी क्षणभर अडून राहायचो. इंजिन गुरगुरायचं, गाडी मात्र ढिम्म. शेवटी एका चढावर माझी ताकदच संपली आणि गाडी मागे घसरली. तिने झटकन ब्रेक दाबला म्हणून निभावलं. मला फार वाईट वाटलं हो.

"गिअरबॉक्स गेला," दादाने निकाल दिला. "गाडी भंगारात देऊ. मी आहे ना, नेत जाईन तुला."

"नेशील रे," ती म्हणाली, "पण मग कुठेही जायचं म्हटलं की आधी तुला वेळ आहे का ते विचारावं लागेल."

भंगाराआधी एकदा दाखवू, म्हणून दोघांनी मला कसंबसं गॅरेजात आणलं.

गॅरेजवाल्या काकूंनी हत्याराला हातच लावला नाही. आधी मला एक फेरी मारून आणलं. मग सपाट जागी गाडी उभी केली, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर एकेका खाचेतून सावकाश फिरवला आणि इंजिन चालू ठेवूनच पट्टी ओढली. टोक जेमतेम ओलं. कागदावर थेंब टिपून त्यांनी वास घेतला.

"मळलंय, पण करपलेलं नाही. उपाशी आहे बिचारा."

"अहो, रविवारीच काठोकाठ होतं," दादा म्हणाला.

"इंजिन चालू होतं का?"

"चालू इंजिनात तेल कोण बघतं?"

"इंजिनाचं कुणी नाही बघत. याचं बघतात. याची रीत वेगळी."

दादाचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच त्याला उपाशी ठेवलं."

"तुम्ही निदान बघत तरी होतात," काकू म्हणाल्या. "कितीजण बघतच नाहीत." आणि त्या जोड बदलायला गाडीखाली शिरल्या. गळती थांबली, तेल गाळायची जाळी बदलली, नवं लाल तेल पोटात गेलं. काय सांगू, जिवात जीव आला.

मित्रांनो, एखादं यंत्र कुरकुरलं तर लगेच त्याला मोडीत काढू नका. त्याची काळजी घ्याच, पण त्याची रीत आधी विचारून घ्या. नुसत्या मायेने पोट भरत नाही.

निघताना दादा सवयीने चालकाच्या दाराशी गेला, थबकला आणि त्याने किल्ली बहिणीच्या हातात दिली.

"कुठे निघालीस?" त्याने विचारलं.

"अजून ठरवलं नाही," ती म्हणाली, आणि तिने लिव्हर पुढे घेतला.