गरम गाडी आणि ओले फडके

मी एक जुना पेट्रोल पंप आहे. रस्त्याच्या कडेला उभा असतो तो नव्हे. मोटारीच्या इंजिनाला चिकटून बसणारा, मुठीएवढा. टाकीतले पेट्रोल ओढून इंजिनाला पाजणे हे माझे काम. पण इंजिन तापले की मीही तापतो, माझ्या पोटातल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही मला ओढता येत नाही. मग गरम गाडी बंद केली, की पुन्हा सुरू व्हायला ती नाकदुऱ्या काढायला लावते. मित्रांनो, हा माझा स्वभाव आहे.

मला मालकांच्या वडिलांनी बसवले. मालक घड्याळे दुरुस्त करायचे, मालकीणबाई सुईण. हाक आली की गाडी काढून निघायच्या. ऐन वेळी गाडी अडते म्हणून त्यांनी मिस्त्रींना बोलावले. मिस्त्रींनी टाकीजवळ विजेवर चालणारा नवा पंप जोडला. ठरले असे, की गाडी चांगली तापवायची, बंद करायची, थोड्या वेळाने सुरू करून बघायची. एकदा नव्या पंपावर, एकदा माझ्यावर.

नवा पंप पहिल्या झटक्याला पास झाला. माझी पाळी आली, तेव्हा मिस्त्री आणि बाई चहाला आत गेले. मालकांनी हळूच बॉनेट उघडले आणि माझ्यावर ओले फडके टाकले. मी गार झालो, तसे त्यांनी ते काढून लपवले. ते दोघे बाहेर आल्यावर गाडी लगेच सुरू झाली.

"बघ! बाबांनी बसवलेला पंप आहे!" मालक म्हणाले.

मिस्त्रींनी डोके खाजवले आणि नवा पंप काढून नेला.

पुढे एका भर दुपारी मालकीणबाई एका अडलेल्या गरोदर बाईला दवाखान्यात न्यायला निघाल्या. तिच्या घरापर्यंत पळवून गाडी नुकतीच बंद केलेली. स्टार्टर फिरत राहिला, मला पेट्रोल ओढता येईना. मागच्या सीटवर ती गरोदर बाई कण्हत होती. शेवटी शेजाऱ्यांनी दुधाचा टेम्पो आणला. बाळ-बाळंतीण वाचली, पण थोडक्यात.

घरी आल्यावर बाईंनी विचारले, "त्या दिवशी कशी काय सुरू झाली हो?"

मालकांनी मान खाली घालून सगळे सांगितले.

बाई म्हणाल्या, "मला सांगितलं असतंत, तर फडकं मीही नेलं असतं."

मालकांनी मिस्त्रींकडून नवा पंप परत मागवला आणि स्वतःच्या हाताने मला काढले. आता मी त्यांच्या घड्याळांच्या फळीवर असतो. ते मला पुसतात. मला त्याचे फारसे काही वाटत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण त्यांचे दुखणे झाकू नका. त्यांच्या भरवशावर घराबाहेर पडणाऱ्याला ते आधी सांगा.