भोमोराचा मंत्र

बांबूच्या बनापुढच्या शेतात निम्मे गाव जमले होते. बायकांनी पान-सुपारीची तबके मांडली होती, पुरुषांनी खांद्यावरचे गामोसे अंथरून बैठक जमवली होती, आणि सर्वांपुढे मोड्यावर, वेताच्या बसक्या आसनावर, खर्गेश्वर बेज डोळे मिटून बसला होता. बेज म्हणजे मांत्रिक; सापाचे विष उतरवणे आणि नजर काढणे हा त्याचा पिढीजात उद्योग. पण अलीकडे त्याची कीर्ती नदीपलीकडे पोचली होती, ती अस्वलामुळे.

"गप्प बसा. जंगलातला बेज येतोय. मनात शंका असेल त्यानं मागं सरावं. शंकेच्या वासानं त्याचं डोकं दुखतं."

गावातली कुत्री तेवढी मागे सरली.

बनातून काळे अस्वल डुलत आले. त्याने खर्गेश्वरच्या तळहाताला तोंड लावले आणि एक संथ, अखंड गुंजन सुरू झाले. माना आपोआप लवल्या.

"ऐका. याच मंत्रानं ब्रह्मपुत्र डोंगर फोडून खाली आला. माझ्या आजोबांना हा अर्धाच येत होता, म्हणून ते अर्ध्या वयात गेले."

शेवटच्या ओळीत बसलेल्या निजराने मात्र मान वर केली. ते गुंजन तिच्या ओळखीचे होते.

निजरा पलीकडच्या वन्यप्राणी केंद्रात पशुवैद्य होती; गाव तिला ताई या अर्थाने बाइदेउ म्हणे. पोरकी आणि जखमी पिल्ले वाढवून जंगलात परत सोडणे हे केंद्राचे काम. तिथे पिल्लाला नाव ठेवायचे नाही, त्याच्याशी बोलायचे नाही, चेहरा झाकून बाटली द्यायची आणि अंगाशी येऊ द्यायचे नाही, असा नियम होता. माणसाला सोकावलेले जनावर जंगलात तगत नाही. हे अस्वल पिल्लू असताना तिथेच होते; त्याची बहीण दगावली, तेव्हा त्याने दूध सोडले. निजराने तोंडावरचे फडके काढून त्याला कुशीत घेतले. त्याने चाचपडत तिच्या कानाची पाळी तोंडात धरली, चोखली, आईच्या अंगाशी करतात तसे गुंजन केले आणि मग बाटली रिकामी केली. पिल्लू वाचले. पण दूध सुरळीत झाल्यावरही तिने कान देणे थांबवले नाही. पहिल्यांदा दिला तो पिल्लासाठी, पुढे स्वतःसाठी. नियम मोडून तिने त्याला भोमोरा म्हटले, म्हणजे भुंगा. सोडण्याआधी वरिष्ठांनी विचारले, "माणसाजवळ येतं का?" ती म्हणाली, "नाही."

"जोनाली, पोरीला आण," खर्गेश्वरने हाक दिली. "तिचा कान अस्वलदेवाच्या मुखात दे. मंत्र आत गेला की बहिरेपण बाहेर."

तीन वर्षांच्या पखिलीला घेऊन जोनाली उठली. खर्गेश्वरने आशीर्वादाचा हात मुलीच्या कानावरून फिरवला. कान ओला चकाकला. निजरा गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"जोनाली, थांब."

खर्गेश्वर तिच्याकडे झुकून हळूच म्हणाला, "बाइदेउ, तुमच्या केंद्राचं कुंपण मीच बांधलं. फटीतून सगळं बघितलंय. ही विद्या तुमचीच. सांगू का लोकांना?"

नोकरी, नाव, सहकाऱ्यांचा विश्वास, सारे तिच्या डोळ्यांपुढून गेले. पखिली अस्वलाकडे बघून हसत होती.

"तुम्ही कशाला? मीच सांगते," निजरा मोठ्याने म्हणाली. "आधी हात धुवा, आणि मग मंत्र म्हणवून दाखवा."

"धुतल्यानं मंत्राची शक्ती जाते."

"म्हणजे पावसात तुझा देव सुटीवर का रे?" भदेश्वर म्हाताऱ्याने विचारले. दोघेचौघे हसले.

एवढ्यात अस्वलाला निजराचा वास लागला. बेजला सोडून ते तिच्याकडे आले, मागच्या पायांवर उभे राहिले आणि तिने पांघरलेली चादर बाजूला सारून तिच्या कानाशी लागले. गुंजन पहिल्यापेक्षा मोठे होते.

"बाइदेउच्या अंगात देवी आहे," कुणीतरी म्हणाले. दोन बायका तिच्या पायांवर वाकल्या.

निजराला रडू आवरेना. ती मागे सरली. मोड्याखाली झाकून ठेवलेला घट्ट गोड दुधाचा डबा तिने ओढून काढला, शेताच्या कुंपणातल्या बांबूच्या खुंटाला गामोसा गुंडाळला आणि त्यावर दूध चोपडले. अस्वलाने खुंटाला मिठी मारली. तेच गुंजन, तोच मंत्र.

"आता या खुंटाच्या पाया पडा," ती म्हणाली.

भदेश्वर खो खो हसला.

"आई नसलेलं पिल्लू असंच चोखतं, असंच गुणगुणतं. त्याला आई हवी असते, एवढाच त्याचा अर्थ. कान चोखायची सवय मी लावली, आणि यांनी तिचा धंदा केला. जोनाली, दूध संपू दे, मग त्याचे दात बघ. चोखता चोखता चिडलं तर?"

दूध संपले. अस्वलाने चिडून खुंटाचा चावा घेतला. पिकलेला बांबू काडीसारखा फुटला. जोनालीने मुलीचा कान पदराने खसाखसा पुसला.

"मग दोष कुणाचा, बाइदेउ?" भदेश्वर आता हसत नव्हता. "याचा की तुमचा?"

"दोघांचा. आधी माझा."

"आणि माझ्या पोरीचं काय?" जोनालीने विचारले.

"कानाच्या डॉक्टरांकडे नेऊ, मी येते बरोबर. ऐकू येईलच असं वचन देत नाही. काय बिघडलंय ते तपासल्यावर कळेल. न तपासता वचन देईल त्याला हात धुवायला सांग."

खर्गेश्वर डब्याचे झाकण शोधत होता.

निजराने कळवल्यावर वनखात्याचा पिंजरा आला, तेव्हा कुणालाच पुढे व्हावे लागले नाही. निजराने आपली चादर आत टाकली आणि भोमोरा चादरीमागून मुकाट आत गेला.

"पुन्हा जंगलात सोडणार ना?" जोनालीने विचारले.

"नाही. आता तो कुणालाही आई समजेल."

गाडी हलली. आत चादरीत तोंड खुपसून भोमोरा गुणगुणत होता. निजराचा हात गजांकडे गेला. तिने तो मागे घेतला.