फक्त अध्यक्षांनी लिहावे

मखराची मधली कमान प्रल्हाद देवस्थळींनी कशीबशी उचलली आणि लगेच गराजच्या भिंतीला टेकवली. गुडघा ऐकेना. सातासमुद्रापार चँडलर शहरातल्या मराठी मंडळाचे ते अध्यक्ष. खरं तर सचिव आणि हमालही तेच.

मंडळाची सभा त्यांनी कित्येक वर्षांत घेतली नव्हती. उत्सवाचे मोदक त्यांच्या पत्नीने, रत्नाकाकूंनी, घरी करायचे की केटररकडून आणायचे, यावरून मागे मंडळातल्या संग्रामने फोनवरच्या ग्रुपवर वाद घातला होता. घरच्या मोदकांना नावं ठेवतो म्हणजे काय! प्रल्हादरावांनी तडक सेटिंग बदललं: यापुढे फक्त अध्यक्ष लिहिणार. कटकट मिटली. उत्सव शिस्तीत होऊ लागला. लोक येत, प्रसाद घेत आणि निघून जात.

आज सकाळी त्यांनी लिहिलं होतं, ‘मखर हॉलवर न्यायला दोघंतिघं या. ग्रुपवरच कळवा.’ दुपार झाली तरी उत्तर नव्हतं.

तेवढ्यात रुहीचा फोन आला. लेक दूर एडिसन शहरात शाळेत इतिहास शिकवते.

“आज काय शिकवलंस?” त्यांना कुणाशी तरी बोलत राहायचं होतं.

“चार्ल्स द फर्स्ट. इंग्लंडचा किंग. पार्लमेंट डिझॉल्व्ह केलं आणि अकरा वर्षं एकट्याने रूल केलं.”

“शांतता असेल मग.”

“होती ना. मग स्कॉटलंडशी वॉर झालं, एकट्याला मॅनेज होईना. बोलवावंच लागलं सगळ्यांना.”

“आले?”

“आले. पण आधी अकरा वर्षांचं साचलेलं बोलले.”

“माझ्याकडे तर कुणी उत्तरही देत नाही.”

“बाबा, ग्रुप अजून लॉक्ड आहे? देन हाऊ विल दे रिप्लाय?”

प्रल्हादरावांनी सेटिंग उघडून पाहिलं: फक्त अध्यक्ष. हे ते साफ विसरले होते. रत्ना गेल्याचं त्यांनी याच ग्रुपवर कळवलं होतं. जिच्या हातचं सगळ्यांनी खाल्लं, तिच्यासाठी कुणी एक ओळ लिहिली नाही, हा सल त्यांनी दोन वर्षं उराशी धरला होता.

त्यांनी ग्रुप खुला केला आणि शिव्या खायच्या तयारीने बसून राहिले. पहिला मेसेज संग्रामचाच आला.

‘काका, काकू गेल्या तेव्हा इथे लिहायला आलो होतो. लिहिता येईना, आणि फोन करायची हिंमत झाली नाही. काकू एकट्याच ढीगभर मोदक वळत बसायच्या, म्हणून केटरर म्हणालो होतो.’

खाली आश्लेषाने लिहिलं, मग अक्षतने, मग आणखी कुणी. सगळे रत्नाबद्दलच लिहीत होते.

कमानीशेजारी खुर्ची ओढून प्रल्हादराव वाचत बसले. मखराचं कुणी विचारलं नाही. त्यांनीही आठवण करून दिली नाही.