आइसबॉक्स आणि बुधवारचा तास

मित्रांनो, मी एक जुना आइसबॉक्स आहे. अंग निळं, झाकण एके काळी पांढरंशुभ्र. मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून मी थेट अंबरनाथच्या एका दवाखान्यात आलो. बाळ हवं असूनही होत नाही, अशी जोडपी इथे उपचाराला येतात. त्यांची इंजेक्शनं थंड ठेवावी लागतात, आणि ती घरापर्यंत थंड पोचवणं हे माझं काम. बायका मला बाजाराच्या पिशवीत दडवायच्या आणि वर मेथीची जुडी ठेवायच्या. शेजारपाजारच्या प्रश्नांना त्या किती घाबरतात, हे मला कळत होतं.

माझं कौतुक खूप झालं. मग माझी कडी तुटली, झाकण दोरीने बांधू लागले. त्याच सुमारास काही बायकांना इंजेक्शनांचा गुण येईना. दवाखान्याचे व्यवस्थापक सुयोग सरळ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा डबाच कामातून गेला असेल. फार लागलं हो मनाला! बर्फ मी संध्याकाळपर्यंत टिकवतो, हे आजही छातीठोकपणे सांगतो.

किर्ती सिस्टरांनी मात्र माझ्या पोटात तापमापक ठेवून पाहिला. मी थंडगार होतो. मग गडबड घरी होत असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. बायकांना नीट विचारून त्याचा अभ्यास करायचा, असं त्यांनी ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. सुयोग म्हणाले, "सिस्टर, रिसर्च डॉक्टर लोक करतात. पेशंट घाबरून दुसरीकडे गेले तर?" अशा अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीने सिस्टरांनी लिहिलेले प्रश्न परत पाठवले. वेळ तर नव्हताच, सिस्टर जेवायच्यासुद्धा उभ्याने. शेवटी डॉक्टर मीनल मॅडम पाठीशी उभ्या राहिल्या. त्यांनी शेजारी बसून प्रश्न सुधारून दिले, समितीची परवानगी मिळवली आणि दर बुधवारी दुपारी एक तास स्वतःची खोली मोकळी करून दिली. पण बजावलंही, एका घरातून तक्रार आली तरी समिती हे काम बंद करेल.

पहिल्या बुधवारी मांजर्लीची उन्नती आली. मी टेबलावरच होतो. ती दबक्या आवाजात सांगत होती, की सासूबाईंना रक्तवाढीची सुई म्हणून सांगितलंय, आणि इंजेक्शनं फ्रिजच्या खालच्या खणात भाजीखाली ठेवते. जागा तर बरोबर होती. सिस्टर कोड्यात पडल्या.

इतक्यात दार उघडलं. बाहेर बसलेल्या सासूबाई, मोतीबाई, आत आल्या. मागे सुयोग. मोतीबाईंनी माझ्यावर हात ठेवून विचारलं, यात काय आहे? उन्नतीचा चेहरा उतरला. सिस्टरांनी खरं सांगितलं तर उन्नतीचा विश्वास जाणार, नाही सांगितलं तर तक्रार होणार. माझी दोरी घट्ट धरून त्या एवढंच म्हणाल्या, "मावशी, ते सांगायचं की नाही हे उन्नतीने ठरवायचं."

सुयोग घड्याळाकडे पाहू लागले.

मग मोतीबाई सुनेजवळ बसल्या. "मना ठावं हाय गो. तू लपवतस म्हनून मी बोललो नाय. रातचा मीच ती बर्फाच्या खनान ठेवतंय, सकालचा परत भाजीखाली. खराब व्हायला नको म्हनून."

सिस्टरांनी डोळे मिटले. गोठलं की इंजेक्शनातला गुण जातो, नुसतं पाणी उरतं. एका घरातल्या दोघी एकमेकींना जपत होत्या, आणि औषध रोज रात्री मरत होतं. सिस्टरांनी हळूच समजावलं. मोतीबाईंनी पदर तोंडाला लावला. उन्नतीने त्यांचा हात धरला, आणि मला भरून आलं.

"माजा पन लिवा," मोतीबाई म्हणाल्या. "बाकीच्या सासवांना कलू दे."

सिस्टरांनी पेनचं टोपण लावलं. सासवांना विचारायची परवानगी त्यांच्याकडे नव्हती. इतक्या दिवसांनी हाती आलेलं उत्तर त्यांना लिहिता येत नव्हतं. पुन्हा अर्ज, पुन्हा वाट पाहणं. या वेळी सुयोगच पुढे होऊन म्हणाले, "समितीकडे मी जाऊन येतो."

मित्रांनो, माझं आता वय झालं. उद्या मला भंगारात घातलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त किर्ती सिस्टरांचा तो बुधवारचा तास कुणी काढून घेऊ नका.