हेळव्याचा बैल घर विसरत नाही

मी सटवाजी हेळव्याचा बैल बोलतोय. नाव कवड्या. हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ जपणारा माणूस. यजमान निजामाच्या राज्यात राहो की वऱ्हाडात जावो, हेळवी त्याला हुडकून काढतो आणि कोण कुठून उठून कुठे गेलं ते वहीत चढवतो. वही त्याच्या बगलेत आणि तो माझ्या पाठीवर, अशी नऊ वर्षं गेली.

वाचता मला येत नाही. पण एकदा गेलेलं दार मी विसरत नाही. माणसं मात्र आजोबाचं नाव विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, याची मला गंमत वाटायची.

गेल्या वर्षी चुडावा या आमच्या एका यजमानाच्या, ईश्वरअप्पांच्या गावावर लुटारूंची टोळी पडली. तोंडं बांधलेली होती, तरी त्यांच्यातल्या एकाला ईश्वरअप्पांच्या धाकट्या भावाने, शिवलिंगने ओळखलं आणि चारचौघांत त्याचं नाव घेतलं. टोळीने त्याला मारायची शपथ घेतली. बायको नागुबाई आणि दोन लेकरं घेऊन तो पैनगंगेपलीकडे पळाला. माघात आम्ही चुडाव्याहून थेट त्याच्या नव्या झोपडीवर गेलो. नागुबाईने माझ्या पायांवर पाणी घातलं आणि सटवाजीने ते ठिकाण वहीत लिहिलं.

यंदा वैशाखात ईश्वरअप्पांनी नातवाचं नाव चढवायला बोलावलं. अंगणात सगळं गाव जमलं होतं. कडेला दोन परके गडी तंबाखू मळत बसले होते. मला त्यांचा वास आवडला नाही.

ईश्वरअप्पा सटवाजीच्या कानाशी वाकले. "सटवाजी, आज शिवलिंगचं नाव घिऊ नका. दिवस लय वंगाळ हायती."

"अप्पा, वाचताना नाव गाळलं का माणूस मेल्यात जमा," सटवाजी म्हणाला. "जित्या माणसाला मी कसं मारू? गाव तेवढं सांगत न्हाई."

त्याने मूळपुरुषापासून वाचायला घेतलं. "शिवलिंग, बायको नागुबाई, दोन लेकरं," एवढं वाचून तो क्षणभर अडला आणि पुढे गेला. पण प्रत्येक नावामागे गाव सांगणारा हेळवी एकाच नावाला अडला, हे त्या दोघांनी हेरलं. त्यांची तंबाखू तळहातावर तशीच राहिली.

सकाळी सटवाजीने पोखर्णीची वाट धरली. ओढ्याजवळ त्या दोन परक्या गड्यांसकट सहा जणांनी आम्हाला गाठलं. त्यांना बघताच सटवाजीने वही शेजारच्या विहिरीत टाकली. त्यांनी ती काढली, पण शाई फुटून सगळी पानं निळी झाली होती. मग त्याला बाभळीला बांधून मारलं. त्याने गाव सांगितलं नाही. दुपारपर्यंत त्याची मान खाली पडली ती पुन्हा वर आली नाही.

त्यांच्यातला एक जण शेतकरी असावा. तो म्हणाला, "वहीचं काय घिऊन बसलाव? चुडाव्यातनं बैल सोडा मोकळा, थोरल्याच्या दारातनं धाकट्याच्या दारी जाईल. हेळव्याचा बैल घर इसरत न्हाई."

त्यांनी मला चुडाव्याच्या वेशीवर आणून सोडलं आणि मी चालू लागलो. खोटं कशाला सांगू, माझे पाय माघातल्या त्याच वाटेला आपोआप वळले. दोन दिवस मी चाललो आणि ते मागे चालले. वाटलं, तिथे गेलो की सटवाजीही भेटेल. बैलाची अक्कल ती एवढीच.

आता पैनगंगा समोर आहे. पलीकडच्या काठावर दहा-बारा झोपड्या दिसतात, धूर दिसतो; त्यातली शिवलिंगची कोणती, ते फक्त मला ठाऊक. मागे एक जण बंदुकीत काडतूस भरतोय आणि दुसरा विचारतोय, "लेकरायचं काय करायचं?"

ते ऐकलं आणि मी रस्त्यातच बसलो. नांगराला, गाडीला, चढाला मी कधी बसलो नव्हतो. त्यांनी शेपटी पिरगाळली, दगड घातले, आता पोटाखाली पाचट पेटवायलेत. बश्या म्हणून शिव्या देतायत. देऊ देत.

शिवलिंगअप्पा, तुमच्या सात पिढ्या लेकरांना आजच पाठ करायला लावा. आता वाचून दाखवायला तुमच्या दारी कोणी येणार नाही.